नऊ इंची भिंत आणि साठ टक्के कान

२ एप्रिल, बुधवार. सकाळी.
नात सुलेखाच्या कॉलेजची जुनी वही घेतली. डाव्या पानांवर तिनं काढलेले बेडूक, गांडूळ. उजवी पानं कोरी. तिथं मी लिहिणार. ही वही कुणी वाचायची नाय, नातीनं तर नायच.
लिहायचं कारण शौकत. भिंतीला भिंत लागून राहतो, कूलर रिपेअर करतो. चार वर्षांमागं विजेच्या खांबावरून पडला, तेव्हापासून कंबर गेली म्हणे. बेचाळीस टक्के अपंग. पेन्शन घेतो, बसमधी राखीव सीट घेतो, रेशनच्या लाइनीत पुढं जातो. मी पाठीमागून नीट बघितलंय, कंबर होती तिथंच आहे. किळस येते अशा माणसांची.
आजपासून त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

३ एप्रिल, गुरुवार.
छावणीच्या बाजाराला गेले. बसमधी राखीव सीटवर एक इस्त्रीच्या शर्टवाला बसलेला. माझं अपंगाचं कार्ड दाखवलं. त्यानं खिडकीकडं तोंड करूनच पुटपुटत विचारलं, मावशी तुम्हाला काय झालंय. मी लगेच सांगितलं, ऐकू येत नाय. उठला, पण हसत हसत उठला. लोकांना कशाचं हसू येईल नेम नाय.
माझ्या कार्डाचं लिहून ठेवते, कारण माझी गोष्ट वेगळी आहे. तीन वर्षांमागं कॅम्प होता. डॉक्टरनं कानाला मशीन लावली आन् सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. मला बोट वर करायची सवय नाय. चार वर्षं शाळेत गेले, तिथंबी कधी केलं नाय. हात मांडीवर ठेवून गप बसले. त्यानं साठ टक्के बहिरी लिहिलं, कार्ड आन् पेन्शन चालू झाली. तो एवढा शिकलेला, मी चौथी पास. शिकलेल्या माणसाला खोटं पाडणारी मी कोण.

९ एप्रिल, बुधवार. दुपारी.
आठ दिवसांची पाहणी. सोमवारी शौकतनं वाकून कूलरची टाकी उचलली. मंगळवारी बसून काम केलं, म्हणजे सोंग. गुरुवारी मी बाजारात होते, तेव्हा तो नक्की पळाला असणार.
जेवताना सुलेखाला सांगितलं. ती म्हणाली, आजी, कुणाचं दुखणं बाहेरून दिसत नसतं. चार खोटे सुटले तरी चालतील, एखाद्या खऱ्याच्या तोंडचा घास जायला नको. मी म्हणाले, अशा दयेनंच माणसं आळशी झाली. हात चालतात त्यानं हातानं खावं, आन् न लागणारा पैसा घेताना थोडी लाज धरावी. ती म्हणाली, मग तुझं कार्ड?
मी ऐकलंच नाय असं दाखवलं. साठ टक्केवाल्या बाईला तेवढी सवलत असती.

१३ एप्रिल, रविवार.
सापडला. उद्याच्या जयंतीसाठी गल्लीच्या तोंडाशी कमान उभी केली. लाइटिंगवाला आलाच नाय. शौकत आला, शिडी लावली आन् वरच्या टोकापर्यंत चढला. बेचाळीस टक्के. दीड तास वर होता. पोरांनी पैसे देऊ केले तर नको म्हणाला. का नको म्हणाला ते मला कळतं. पैसे घेतले की पुरावा होतो.
खाली उतरताना शिडीला धरून लई वेळ उभा राहिला. बघणारे होते ना.

१४ एप्रिल, सोमवार.
जयंती. पांढरी साडी नेसले, विहारात जाऊन आले. आजच्या दिवशी कुणाविषयी वाईट लिहायचं नाय असं ठरवलं होतं.
कमान झकास झाली. निळे बल्ब एकदाबी विझले नाहीत. ज्याची कंबर मोडली त्याचं काम इतकं सरळ कसं?

१६ एप्रिल, बुधवार. दुपारी तीन.
दोन दिवस शौकत बाहेर नाय. भिंतीपलीकडून कण्हणं चाललंय. आमची भिंत नऊ इंची आहे, पण पितळी पेला लावून कान टेकला की बरं पडतं. त्याची बायको, राहत तिचं नाव, त्याला उठवून बसवते. ती म्हणाली, किसने बोला था चढने को. तो म्हणाला, लाइट लगी ना, बस. पुन्हा कण्हला. पाणी प्यायलाबी तीच मान धरते.
घरात बघायला कुणी नसताना एवढं सोंग. माणूस किती पोचलेला असावा.

१८ एप्रिल, शुक्रवार.
पेन्शनच्या ऑफिसाला शौकतविरुद्ध अर्ज लिहायला बसले. सुलेखा म्हणाली, आजी, पाठवू नको, त्याची पेन्शन बंद झाली तर औषध कशातून आणील. मी म्हणाले, ते त्यानं शिडीवर चढायच्या आधी बघायचं. ती म्हणाली, शिडीवर तो आपल्याच कमानीसाठी चढला. मी म्हणाले, तेच तर. चांगुलपणाच्या आड लपणारे जास्त डेंजर.
अर्ज पावणेतीन पानं झाला. काही सोडलं नाय. कुठल्या दिवशी किती वाजता कण्हला, राहतनं किती वेळा उठवलं, कोणती गोळी मागितली, पलीकडं कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, सगळं. खाली सही केली, मनकर्णाबाई. त्याखाली लिहिलं, नाव गुप्त ठेवावं.

२१ एप्रिल, सोमवार.
ऑफिसात लई गर्दी. खिडकीवर पाटी होती, दिव्यांगांचे अर्ज आधी घेतले जातील. मी हुशारी केली. माझ्या कार्डाची झेरॉक्स अर्जाला टाचली. पहिला नंबर लागला. मागची माणसं उन्हात ताटकळत बघत राहिली. कार्डाचा उपयोग असा सत्कारणी लावायचा असतो, शौकतसारखा नाय.

६ मे, मंगळवार.
नोटीस आली. शौकतला फेरतपासणी, १३ तारीख. भिंतीपलीकडं राहत रडली. मी पेला खाली ठेवला. रडणं ऐकायची मला हौस नाय.
संध्याकाळी माझ्या नावानंबी तसलाच कागद आला. सरसकट सगळ्यांना काढला असणार. सुलेखानं वाचला. म्हणाली, कार्ड स्वतःहून परत करून ये, मान राहील. मी म्हणाले, मी घाबरते का? मला काय करायचं ते पाठ आहे. हात मांडीवर.

१२ मे, सोमवार.
शौकत दारात आला. पट्टा बांधून, भिंतीला धरून. माझ्या कानाशी येऊन ओरडला, अम्मा, कल दोनों का एकीच टाइम है, रिक्षा कर रहा हूं, साथ चलो. तीन वर्षं हा माझ्याशी असाच ओरडून बोलतो. हातानं खुणाबी करतो.
फुकटची रिक्षा कशाला सोडायची. हो म्हणाले. त्यानं अजून एकदा ओरडून विचारलं, मला समजलं का म्हणून.

१३ मे, मंगळवार. संध्याकाळी.
लिहायची इच्छा नाय, पण लिहिते.
एका टेबलाशी दोघांनाबी बसवलं. मशीन कुठं दिसंना. डॉक्टरसाहेबांच्या हातात माझा अर्ज. मोठ्यानं वाचायला लागले. 'गुप्त'वर आले तेव्हा जरा थांबले. मग त्याच्या वरचं नाव पण वाचलं. शौकतनं मान खाली घातली. लाज मला वाटायला पाहिजे होती असं सुलेखा म्हणते. मला तर रागच आला. गुप्तचा अर्थ यांना शाळेत शिकवला नाय का?
साहेब शौकतला म्हणाले, शिडी चढल्यावर तीन दिवस उठता आलं नाय, मान धरून पाणी पाजावं लागलं, एवढं बारीक टिपण तर वॉर्डातली नर्सबी लिहीत नाय. बाईंचा अर्ज तुमच्या फाइलला लावतो. मग त्याचे एक्स-रेचे फोटो बघितले, कंबर दाबली, तो ओरडला.
बेचाळीसचे पंचावन्न टक्के केले.
मग माझी फाइल उघडली. त्यातच डोकं घालून, एकदम हळू विचारलं, बाई, मधली भिंत केवढी आहे हो?
मी म्हणाले, नऊ इंची. चांगली भाजक्या विटांची आहे, माझ्या नवऱ्यानं बांधली.
साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. कार्ड तिथंच ठेवून घेतलं.
हात सगळा वेळ मांडीवरच होते. तोंडाचं काही ठरवलं नव्हतं.
परत येताना त्याच रिक्षात बसले. दुसरी करायची तर उन्हात उभं राहावं लागलं असतं. दारात उतरताना शौकत हळूच म्हणाला, अम्मा, तीन साल से चिल्ला चिल्ला के मेरा गला गया.

१५ मे, गुरुवार.
बाजाराला गेले. बसमधी उभी. राखीव सीटवर चांगला धडधाकट माणूस बसलेला. त्याच्याकडं रागानं बघितलं. त्यानं खिशातून कार्ड काढून दाखवलं. काय झालंय म्हणून विचारणार होते. नाय विचारलं.
ठरवलंय, आता स्वतःच्या जोरावर जगायचं. पेन्शन गेली तर गेली. ही गोष्ट मी आधीपासूनच म्हणत होते.

२० मे, मंगळवार. दुपारी.
शौकतनं त्याच्याकडचा सगळ्यात मोठा लोखंडी कूलर आमच्या भिंतीला पाठ लावून बसवला. सकाळपासून घरघर. राहत काय बोलते, तो काय म्हणतो, माझं नाव निघतं का, काही कळत नाय. पेला लावला तर पेलाच थरथरतो.
अन्याय झाला की गप बसायचं नाय. नवीन अर्ज लिहायला घेतला. पहिली ओळ लिहिली: शेजारच्या कूलरमुळं मला काहीही ऐकू येत नाही.
दोनदा वाचली.
पान फाडलं. मागचा बेडूकबी गेला त्याच्याबरोबर.