वरचे बटण

आई, तू गेल्यावर घरात आलेली तुझी सून तू पाहिली नाहीस. आता ती नाही, हेही मलाच तुला सांगावे लागत आहे. तुझ्या नातवाला ते अजून समजलेले नाही. तो बोलत नाही. ऐरोलीत मतिमंद मुलांच्या ज्या वर्गात तो जात असे, त्या वर्गाची ती शिक्षिका होती. त्यामुळे त्याची आई आणि बाई एकदमच गेल्या.

शर्ट घालणे तिने त्याला शेवटाकडून शिकवले. आधी ती वरची सगळी बटणे लावायची आणि अगदी खालचे त्याच्यासाठी ठेवायची. ते जमले की खालची दोन, मग तीन. "शेवट त्याच्या हातून झाला पाहिजे," ती म्हणे, "म्हणजे सगळं आपणच केलं असं त्याला वाटतं." तेव्हा मला आपले साताऱ्याचे स्वयंपाकघर आठवे. तू लाडू वळते आहेस, परातीत एकापुरतेच उरले आहे आणि ते तू माझ्यापुढे सरकवतेस. दादा हसतो, "हा काय वळणार, गोट्या वळेल!" "तू गप रे," तू म्हणतेस, "वळू दे त्याला." तो वाकडा लाडू तू डब्यात सर्वांत वर ठेवला होतास.

वर्ग बंद आहे. "सर, नवीन बाई मिळेपर्यंत त्याला घरीच ठेवा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. प्रशिक्षण घेतलेली एक मुलगी जाहिरात वाचून मुलुंडहून आली होती. "ठाण्याला वळसा घालून रोज कसं जमणार? खाडीवरचा पूल झाला की बघते," म्हणून गेली. पूल अजून अर्धाच आहे. मी पावणे गावातल्या कारखान्यात कामावर असतो, तेव्हा शेजारच्या वहिनी त्याला सांभाळतात. "टेन्शन नका घेऊ भाऊजी, आमी आहोत ना!" असे म्हणतात आणि "चल रे राजा, येवढा घोडा झालास!" असे हसत झटक्यात त्याची सगळी बटणे लावून टाकतात. त्या मायेला मी काय बोलणार? परवा सकाळी मी वरचे बटण लावून दिले, तरी तो हात सोडून नुसता उभा राहिला. खालचे एकही लावेना. तिने इतक्या वर्षांत शिकवलेले माझ्या डोळ्यांदेखत पुसले जात आहे. माझ्यामागे याला शर्ट कोण घालील?

काल सुट्टी होती. मी त्याच्यासमोर बसून राहिलो. नेहमीप्रमाणे त्याने हनुवटी वर केली आणि दाराकडे पाहत तिच्या हातांची वाट पाहिली, कारण गळ्याजवळचे ते एकच बटण शिकवायचे राहिले होते. मी ते लावले. बऱ्याच वेळाने त्याची बोटे हलली आणि बाकीची बटणे त्याने शेवटपर्यंत स्वतः लावली. मला रडू आवरले नाही.

पुढचा धडा कोणता, हे मला ठाऊक आहे. आज सकाळी त्याची बोटे आपणहून गळ्याशी गेलीही. मी ती हळूच बाजूला केली आणि बटण लावून टाकले. त्याला ते आले, की तो हनुवटी वर करून तिची वाट पाहणार नाही. हे तिला लिहिता येत नाही, आई. ती त्याची बाई होती, रागावेल. म्हणून तुला लिहिले.