बोलनळीतले हुकूम

३ मार्च
लागले एकदाची कामाला. वाफेच्या हवाईजहाजावर झडपा सांभाळायच्या. युद्धात आगगाड्यांचे रूळ वितळवून तोफा ओतल्या, तेव्हापासून डोंगरापलीकडचं टपाल असंच जातं. दादा म्हणाला, तुला चक्कर येईल. वहिनीने मात्र गुपचूप लोकरीचे मोजे बांधून दिले.
आम्ही पाच जण. बॉयलरवर मिस्त्री, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. एक आचारी, एक सुकाणूवाला. कप्तान वर काचेच्या खोलीत. त्यांचे हुकूम पितळी बोलनळीतून खाली येतात. आवाज फार मायाळू आहे.

४ मार्च
ढगांवर लख्ख ऊन. काम डोळ्यांत तेल घालून करावं लागतं. झडप उघडली की डोक्यावरच्या फुग्यातली वाफ सुटते आणि जहाज खाली येतं. मिस्त्री म्हणाले, बायकोपेक्षा मी या वाफेच्या दाबाच्या काट्याकडे जास्त पाहिलंय, म्हणून ती माहेरी आहे.
कप्तान जेवायला उतरत नाहीत. आचारी ताट दाराबाहेर ठेवतो आणि तसंच परत आणतो. मी कारण विचारलं, तर मिस्त्रींनी विषयच बदलला.

५ मार्च
सकाळी नळीतून कप्तानांनी मला 'छबे' म्हटलं. असं फक्त आई म्हणायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.
दुपारी त्यांनी आचाऱ्याला वर बोलावलं. तो परतलाच नाही. चुलीवरचं पाणी आटून पातेलं करपलं.

६ मार्च
आज नळीतून आचारी बोलला. सुकाणूवाल्याला म्हणाला, वर ये, मला हात दे. बरं झालं, सापडला, असं म्हणत तो गेला. तोही आला नाही. सुकाणू आपोआप फिरतंय.
मी शिडी चढले. खोलीत फक्त कप्तान. खुर्चीत, वाळून काटकी झालेले. माझ्या देखत नळीत त्यांचा हुकूम घुमला. ओठ हलले नाहीत.
खाली येऊन मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, कप्तान मागच्याच फेरीत वारले. हुकूम येत राहिले, जहाज सुखरूप पोचलं, म्हणून आम्ही तिघांनी तोंड शिवलं.
म्हणाले, "पोरी, तुला आणायला नको होतं."

७ मार्च, सकाळ
भट्टी विझवली. मी झडप उघडली. जहाज उतरतंय. ढग वर गेले, जमीन दिसली —
तेवढ्यात नळीतून माझा आवाज. मिस्त्री, मी वर अडकलेय, लवकर या.
मी त्यांच्यासमोर उभी होते. दंड धरला. "मी इथे आहे. इथे."
माझ्याकडे पाहिलं त्यांनी. ओळखलं नाही. हात सोडवून शिडीकडे —

नंतर
झडपेचं चाक बंद व्हायला बघतंय. साखळीने बांधलं. नळीत फडका कोंबला. तो बाहेर पडतो. पुन्हा कोंबला.
शेतं दिसताहेत. कुंपण. एक माणूस वर बघतोय.
त्याला सांगायला हवं, लांब हो. तोंड उघडते — आवाज नाही. घसा दुखत नाही, काही नाही, फक्त आवाज —
तो हसला. हात केला. धावत येतोय, जहाजाखाली लोंबणाऱ्या दोराच्या शिडीकडे — पण त्याला बोलावलं कुणी? मी तर अजून