भोपळ्याला ओठ लावून

निगडी, प्राधिकरण
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

ती. विजयश्रीताईस,
ज्योतीरामचा शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुझं बोलणं बंद केल्याचा निरोप करिष्माकडून मिळाला. फोन करावा तर तू बोलायला जाशील, आणि मोबाईलवरच्या दोन ओळींना तू पत्र मानत नाहीस. म्हणून आज सुट्टीचा कागद घेऊन बसलो. घशात गाठ आहे की नुसती सूज, हे दुर्बिणीनं पाहिल्यावरच कळेल म्हणतात. तोवर अंदाज बांधत बसू नकोस. तुझ्या लेकीला सातवा लागलाय आणि बारशाला पाळणा तूच म्हणायचा आहेस, एवढंच डोक्यात ठेव.

दिवाळीत नेलेला तुझा तंबोरा सुखरूप आहे. मला गाणं ऐकायला शिकायचंय म्हटल्यावर तू हसली होतीस. झालंही हसण्यासारखंच. दहावीवर हेल्पर म्हणून लागलेला मी चाकणच्या टूलरूमचा इनचार्ज झालो तो कुणाला न विचारता, त्यामुळे इथंही कुणाला विचारलं नाही. चिंचवडला एका मैफिलीला गेलो. एकतालाच्या बारा मात्रा बोटांवर मोजल्या आणि समेवर दणदणीत ‘वाहवा’ दिली. ती पडली बाराव्या मात्रेवर. पुढची अख्खी रांग वळून बघायला लागली. माझं मोजणं चुकलं नव्हतं; सुरुवात एक मात्रा आधी धरली होती, एवढंच.

मग तंबोऱ्याकडे वळलो. तारा जिच्यावरून जातात ती हाडाची घोडी झिजली होती. कंपनीत नेऊन ग्राइंडरवर पाच मायक्रॉनमध्ये सपाट केली. इतकी सपाट घोडी महाराष्ट्रात दुसरी नसेल. तारा चढवल्या तर आवाज पत्र्याच्या डब्याचा! पिंपरी कॅम्पात अन्वरभाई वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी घोडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, की राव, ही घोडी आहे, इस्त्रीचं टेबल नव्हे. हिला थोडं पोट लागतं. अर्धा दिवस घासून त्यांनी जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, काढून दिली. वर ताकीद दिली, की सध्या गाणं ऐकू नको, फक्त हा ऐक. शेवटची खर्जाची तार छेडली की तिच्यातून एक गंधार निघतो. तो कुणी वाजवत नाही. तो ऐकू आला की कान झाले समज.

१५ डिसेंबरपासून रोज संध्याकाळी सात ते पावणेआठ बसतो. अकराव्या दिवशी, सात बावीसला, गंधार आला. ताई, चार तारांत पाचवं कुणी येऊन बसल्यासारखं वाटलं. मिनलला सांगितलं तर तुझी भावजय म्हणते, बसलंय तर चहाला विचारा.

चार ओळी तरी पाठव. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
ज्योतीराम

---

बार्शी
१७ जानेवारी २०२५

चि. ज्योतीराम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पोटभर हसले, तेही बिनआवाजाचं. पंगतीत जिलब्यांचे वेढे मोजणारा मुलगा तू, सूर तरी कसा सोडशील?

तेहतीस वर्षं शाळेत रोज प्रार्थना सांगितली, घसा कधी बसला नाही. आता सकाळी थोडा आवाज असतो आणि दिवेलागणीला पार जातो. करिष्माला हाक मारायची तर ताट वाजवते. ती म्हणते, आई, मी काय देवळात आलेय? दुर्बिणीची तारीख ४ मार्च मिळालीय. गाठ निघाली तर कापतील, आणि कापल्यावर आवाज राहील याची खात्री कुणी देत नाही. पाळणा चार कडव्यांचा आहे रे. तेवढा तरी राहावा.

तू मात्र बसणं सोडू नकोस. त्या तंबोऱ्याला चाळीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

आठवण ठेवणारी
ताई

---

निगडी
गुरुवार, ३० जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज जे लिहितोय ते फक्त तुला. मिनलला सांगितलेलं नाही.

गंधार आता रोज येतो. पण २० तारखेपासून त्याच्या मागे आणखी काहीतरी आहे. आधी वाटलं, खालच्या मजल्यावर क्लास लागलाय. खाली जाऊन आलो. खाली कुलूप होतं. तार थांबवली की तेही थांबतं. मुलीचा आवाज आहे, पंधरा-सोळा वर्षांची असावी. तोंड मिटून गुणगुणावं तसा. यमन आहे, एवढं मला आता कळतं. नी ध प, आणि पुढे तीव्र मध्यम. उतरताना तिचा मध्यम दर वेळी केसभर खाली राहतो. मग ती जिभेनं ‘च्च्’ करते आणि पुन्हा वरून सुरू करते. काल पंचेचाळीस मिनिटांत एकतीस वेळा केलं.

कंपनीच्या तपासणीत माझे कान दाखवले. प्रेस शॉपमधल्या वर्षांनी बारीक आवाज ऐकायची ताकद थोडी गेलीय, म्हणे. म्हणजे कमी ऐकू यायला हवं, जास्त नाही.

घाबरलेलो नाही. उलट खरं सांगतो, गाणं ऐकणं म्हणजे काय हे मला तिच्यामुळे पहिल्यांदा कळतंय. मोजायचं सोडून मी तिच्या मध्यमाची वाट बघतो.

तुझ्या घशाचं कळव. लोभ कमी करू नकोस.

ज्योतीराम

---

बार्शी
७ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योतीराम यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र देवापुढे ठेवलं आणि मग दुसऱ्यांदा वाचलं.

तुला ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. अण्णा गिरणीत रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. तू शाळेत असायचास. मी गाणं शिकत होते, पण घरात आवाज काढायची सोय नव्हती. म्हणून मी तंबोरा मांडीवर आडवा घ्यायचे, भोपळ्याला ओठ लावायचे आणि तोंड मिटून रियाज करायचे. खोलीत काही ऐकू यायचं नाही. सगळं भोपळ्यात जायचं. तीन वर्षं, लग्न ठरेपर्यंत. यमनचा मध्यम मला उतरताना कधीच नीट लागला नाही. ‘च्च्’ करायची खोड होती, त्यावरून गुरुजी रागवायचे. हे गुरुजींखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यांना जाऊन तीस वर्षं झाली.

आता दुसरं. माझा आवाज पहिल्यांदा गेला तो १५ डिसेंबरला, सांजवात लावताना. सात वाजले होते. तू बसायला लागलास तो दिवस कोणता, हे तूच लिहिलं आहेस.

मला हे वेड्यासारखं वाटतंय. तू खात्री करणारा माणूस आहेस. कर.

तुझी
ताई

---

निगडी
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोबाईलवर कळवल्याप्रमाणे तू ठेवलेली आवाजाची वही मिळाली. पडताळा असा. ११ ते २२ फेब्रुवारी, बारा दिवस. रोज सकाळी चिठ्ठी उचलायची. ‘बस’ निघालं तर बसायचं, नाहीतर तंबोरा गवसणीत. हे तुला कळवलं नव्हतं. तू फक्त रोज रात्री आठला आवाज होता की नव्हता, तेवढं लिहायचं होतं.

बसलो त्या सहाही दिवशी तू ‘नाही’ लिहिलं आहेस. न बसलेल्या सहापैकी पाच दिवशी ‘होता’.

त्या एका दिवसानं मला सुटका दिली, असं वाटलं. १८ तारीख. त्या दिवशी मी चाकणहून साडेआठला आलो, तंबोऱ्याला हातही लावला नव्हता, आणि तुझ्याकडे ‘नाही’. पडताळा फसला म्हणून मी खूश होतो. मग मिनलला सहज विचारलं. ती म्हणाली, हो, त्या दिवशी संध्याकाळी गवसणी धुवायला काढली, धूळ पुसताना तारांवरून फडकं फिरलं. आणि तुमच्या त्या तंबोऱ्यात कोण मुलगी गाते हो, असंही म्हणाली.

तारा उतरवायला हव्यात. अजून उतरवल्या नाहीत. ताई, ती मध्यमाच्या अगदी जवळ आलीय.

रागावू नकोस. माया असू दे.

ज्योतीराम

---

बार्शी
६ मार्च २०२५

चि. ज्योतीराम यास,
आशीर्वाद.

दुर्बीण झाली. गाठ नाही, सूज नाही. डॉक्टर म्हणाले, घसा विशीतल्या मुलीसारखा स्वच्छ आहे, बाई, तुम्ही बोलत का नाही? मी काय सांगू?

तिचा मध्यम लागेपर्यंत थांबणार आहेस का? मी थांबू शकत नाही. करिष्माला महिना राहिलाय. पत्र मिळताच तारा उतरव.

ताई

---

निगडी
गुरुवार, १३ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी चारही तारा उतरवल्या, गुंडाळून डबीत ठेवल्या.

खोटं लिहिणार नाही. उतरवण्याआधी एकदा छेडल्या. एकदाच. ती वरून आली, नी ध प, आणि मध्यम बरोबर लागला. ‘च्च्’ आलं नाही. मी कुणाला न विचारता, न मोजता, ‘वाहवा’ म्हणून गेलो. मग आत इतकं शांत झालं की खुंट्या पिळताना माझाच श्वास मला ऐकू येत होता.

तुझ्याकडे काय झालं ते लगेच कळव.

ज्योतीराम

---

बार्शी
१९ मार्च २०२५

चि. ज्योतीराम यास,
अनेक आशीर्वाद.

आवाज आला! त्याच संध्याकाळी, दिवा लावतानाच. करिष्मा रडली. बारशाला तुम्ही दोघं आधी दोन दिवस या.

ताई

---

निगडी
गुरुवार, २४ एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बारसं छान झालं. नातीचं नाक तुझ्यावर गेलंय.

हे तिथं बोलता आलं नाही, बायका तुझ्याभोवती होत्या. तू पाळणा म्हटलास तेव्हा सगळ्या म्हणाल्या, आजीबाईंचा आवाज कसा कोवळा झालाय, औषधाचं नाव सांगा. मी मागे खांबाला टेकून ऐकत होतो. दोन महिने मी दुसरं काही ऐकलं नाही, ताई. तो आवाज मला दर श्वासासकट पाठ आहे. तू नव्हतीस गात. ती गात होती.

आणि तुझा तो आवाज? शाळेचा, थोडा जाड, सुट्टीत तुझ्याकडे आलो की मला उठवायला हाक मारायचीस तो? तू आम्हाला जेवायला बोलावलंस तेव्हाही तो नव्हता.

परत आल्यावर तीन दिवस धीर झाला नाही. काल बिनतारांच्या भोपळ्याला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग आत कुणीतरी घसा खाकरला. हजेरी घ्यायच्या आधी तू खाकरायचीस, तसा.

तारा पुन्हा चढवू का? एका ओळीत सांग. मी तयार आहे.

ज्योतीराम

---

बार्शी
२ मे २०२५

चि. ज्योतीराम यास,
अनेक आशीर्वाद.

चढवू नकोस.

मला बारशाआधीच कळलं होतं. त्या संध्याकाळी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते माझं नव्हतं. करिष्माच्या कानाला फरक कळला नाही. आवाज परत आला म्हणून ती खूश आहे, आणि बाळ याच आवाजानं झोपतं. तारा चढवल्यास तर हा जाईल, आणि माझा येईलच असं नाही. चाळीस वर्षं ती पोर तिथं तोंड मिटून बसली होती. मीच तिला बसवलं होतं. आता मी बसते.

तू म्हणशील, मग हे कोण लिहितंय? मीच. बोलते ती, लिहिते मी. म्हणून फोन करू नकोस. केलास तर मी भेटणार नाही. पत्रं पाठव, आणि दर आठवड्याला पाठव.

एक सांगायचं राहिलं. परवा वाण्याची यादी करताना माझा हात मध्येच थांबला. अर्धी यादी झरझर, उभ्या अक्षरात झाली होती. मी तसं लिहीत नाही, लग्नाआधी लिहायचे.

हे पत्र उजेडात धरून ओळ न् ओळ तपास, तुझ्या पद्धतीनं. कुठपर्यंत माझं आहे ते कळव.

तुझी माया हवी आहे, आता जास्तच.

ताई