घुमटीखालचा खड्डा

चिआंग माई, ११ मार्च

इन्तामामा,

नमस्कार. शुद्धलेखन सांभाळून घ्या, शाळा सातवीतच सुटली हे तुम्हाला माहितीय. मोबाईलवर एका बोटानं टाइप करते, त्यामुळे वेळही लागतो.

तुम्ही बरे असाल. इथं धूर फार झालाय, डोळे चुरचुरतात. मला काम मिळालं. आपल्याच जागेवर. हॉटेल बांधायच्या आधी चाचणीचे खड्डे घेतायत ना, तिथं मी खापरं धुते. खाली जुनं काही निघालं तर हॉटेल नाही, म्हणजे तुमचा सौदाही नाही. खापरांशी बोलावं लागत नाही, म्हणून मला बरं वाटतं.

पहिल्या दोन खड्ड्यांत नुसता भराव निघाला. तुम्ही काळा चष्मा लावून आलात आणि खोदकाम बघणाऱ्या रत्चनीबाईंना म्हणालात, "झालं ना समाधान? करा आता सही." मी टबामागं होते. मला बघितलं नाहीत. की बघितलंत?

मग बाईंनी घरामागचा कोपरा दाखवला. तिथं जागा राखणाऱ्या जागेवाल्या देवाची घुमटी, रंग अजून ओला वाटावा अशी. हार, लाल सरबताची बाटली. तुम्ही हात जोडलेत. "तिथं नको हो. आजोबांच्या वेळची आहे. जागेवाला कोपला तर मी जबाबदार नाही."

खड्डे खणणाऱ्या नोईनं कुदळ खाली टाकली. "बाई, मला लेकरं आहेत. तुम्हीच खणा."

तुम्ही गेल्यावर मी बाईंजवळ गेले. म्हटलं, "त्या घुमटीत कुणी राहत नाही."

"अगं, तुला बोलता येतं होय?" नोई म्हणाला.

"सकाळी बघा. घराची सावली पडते तिच्यावर."

सकाळी नोई बघून आला आणि हसतच सुटला. "सावलीत घुमटी! कुठल्या गाढवानं बांधली ही?" घराच्या सावलीत जागेवाला राहत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. घाईत तुम्हाला सुचलं नाही. तरी नोईनं उदबत्ती लावून, माफी मागूनच ती उचलली.

खाली विटांची फरशी निघाली. तिच्यावर जळकी माती, हिरवट झिलईची खापरं. बाई म्हणतात, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा विहार असावा. हॉटेलचं काम थांबलं. तुम्हाला कळलं असेलच.

आईचा गवती चहा तिथंच होता. खुरप्याला विटा लागायच्या. तुम्हाला तिनंच सांगितलं होतं, म्हणून तर घुमटी बांधलीत. तिला अंथरुणासकट टेम्पोत घातलंत तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, पावसाळा संपेपर्यंत राहू दे." तुम्ही म्हणालात, "हॉटेलवाले थांबत नाहीत."

आता थांबलेत.

आई पावसाळ्यातच गेली. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. तिच्या चितेवर चंदनाचं फूल तुमच्या हातून पडायला नको होतं.

तुमच्या बहिणीची,
ख्वान

ता. क. पिवळी मांजर काल व्याली. चार पिल्लं आहेत, एक पांढरं.