जेवणाच्या टेबलावरचं जंक्शन

३ फेब्रुवारी
आजपासून जेवणाचं टेबल माझं. मॉडेल रेल्वे करणार, आणि तीही स्वतःच्या हाताने. तयार रूळ पोराटोरांसाठी असतात. मी रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, कापणार, त्यावर रूळ सोल्डर करणार, पितळी पत्र्यातून इंजिन उभं करणार.
बायकोची अट: तिची आई २ मार्चला येते आहे. त्या दिवशी इंजिन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःहून गेलं तर टेबल कायमचं माझं. नाहीतर सगळं माळ्यावर. हातचा मळ आहे.

४ फेब्रुवारी
ऑफिसच्या प्रिंटरवर रुळांचा नकाशा छापला. हा मॉडेलच्या नेमक्या मापाचा असतो, त्याच्यावरच स्लीपर मांडून रूळ बसवायचे. प्रिंटरने विचारलं, पानात बसवू का? म्हटलं बसव, कडा कापल्या जायला नकोत. यंत्रांशी गोडीगुलाबीने वागलं की ऐकतात.
विकत आणलेल्या किटमध्ये गेज नावाचा पितळी ठोकळा निघाला. दोन रुळांच्या मध्ये धरून अंतर तपासायला. नवशिक्यांची पांगुळगाडी! नकाशाचे कागद पंख्याने उडत होते, त्यावर ठेवला. छान बसला.

९ फेब्रुवारी
सोल्डरिंग सुरू. बोट भाजलं. टेबलही थोडं भाजलं. बायको धावत आली आणि टेबलावर फुंकर घातली.
सध्या ओट्यापाशी उभ्याने जेवतो. त्याने पचन सुधारतं असं तिला सांगितलं. तिने भांडी जरा जोरात घासली.

१५ फेब्रुवारी
रूळ पूर्ण! एकदा गेज लावून बघ ना, असं बायकोचं म्हणणं. अनुभवी माणसाच्या डोळ्यातच गेज असतो, हे समजावलं. अनुभव कसला, असं विचारून ती आत गेली. विषय बदलायची तिची जुनी सवय.

२१ फेब्रुवारी
इंजिन. ड्रायव्हरची केबिन उलटी दुमडली गेली. सरळ करताना पत्रा तुटला. सोल्डरने जोडला. आता केबिनला दार नाही, पण ड्रायव्हर तरी कुठे आहे?
तीन भाग उरले. कंपनी दिलदार दिसते.

२६ फेब्रुवारी
इंजिन उताणं धरून वायरी लावल्या. चाकं गरगर फिरली! बायको ओल्या हातांनी बघायला आली. "चालेल रे हे," म्हणाली. लग्नानंतर तिच्या तोंडावर एवढं कौतुक पहिल्यांदाच पाहिलं. टेबल गेलं चुलीत, तिच्यासाठी तरी हे चालायलाच हवं.
रुळांवर ठेवून पाहायचा मोह आवरला. रंग ओला आहे. शिवाय पहिला प्रवास प्रेक्षकांसमोरच शोभतो.

२ मार्च, दुपार
सासूबाई आल्या. त्यांना टेबलापाशी खुर्ची दिली. मी दोन शब्द बोललो. दोनाचे बरेच झाले. मग इंजिन रुळांवर ठेवलं.
चाकांच्या कडा रुळांच्या आत उतरायला हव्यात. उतरेनात. इंजिन रुळांवर चढून बसलं आणि कलंडलं. रूळ एकमेकांच्या जवळ आले होते. थंडीने धातू आकसतो.
सासूबाईंनी नकाशावरचा गेज उचलला, हे काय असतं म्हणून विचारलं, आणि मी सांगायच्या आत दोन रुळांमध्ये घालून पाहिला. जाईना. त्या टोकाला नाही, मध्येही नाही. म्हणजे अंतर सगळीकडे अगदी सारखंच कमी आहे. याला कारागिरी म्हणतात.
प्रिंटरने नकाशा पानात बसवला होता. लहान करून.
बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं. सोल्डरिंग बंद होतं, त्यामुळे धुरावर ढकलताही येईना.

२ मार्च, संध्याकाळ
रूळ माळ्यावर गेले. इंजिन मात्र बायकोने नेऊ दिलं नाही, आपल्या ताटाशेजारी ठेवलं. तिघं टेबलावर बसून जेवलो. भाजलेल्या जागेवर भाताचं पातेलं ठेवलं होतं.
सासूबाईंनी मीठ मागितलं. बायकोने मिठाची बाटली इंजिनापुढे ठेवली आणि इंजिन बोटाने ढकलत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"पोचली बघ गाडी," ती म्हणाली.
स्वतःहून नाही, मी आठवण करून दिली. अट म्हणजे अट.
"जेव आता," ती म्हणाली.
जेवलो. बसून जेवल्यानेही पचन बरं होतं, असं दिसतं. पंख्याने कागदी रुमाल उडत होते, त्यावर गेज ठेवला. छान बसला.