त्रेपन्न फुटी डबा आणि आईची खोली

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्या शेठजींस,

ताईचे आशीर्वाद. द्यायची रीत आहे म्हणून दिले. तुझा मॅनेजर येईपर्यंत इकडे सर्व क्षेम होतं.

गेल्या आठवड्यात तुझा नवा त्रेपन्न फुटी कंटेनर आला. चाळीस फुटी डबे बाबांच्या वेळेपासून आपल्या आवारात मुकाट वळून गोदामाच्या ओट्याला लागायचे. पण शेठना रेल्वेवरून उतरणारा मोठाच डबा हवा! एका फेरीत जास्त माल, म्हणे. अंगापेक्षा बोंगा मोठा. तुझ्या दीडशहाण्यांनी डबा मोजला, आवार मोजलं, आणि डबा ओढणारी गाडी मोजायचीच विसरले. डबा काय स्वतःच्या पायांनी चालत येणार होता? निम्मा आत, निम्मा रस्त्यावर अडकला. दुपारपर्यंत रस्ता बंद. समोरचा न्हावी तर दुकानातली खुर्ची बाहेर टाकून तमाशा बघत बसला होता.

मग मॅनेजरने आवाराच्या वळणावरच्या आईच्या खोलीच्या भिंतीवर खडूने फुली मारली. "साहेब म्हणालेत, एवढा कोपरा गेला की गाडी वळते." कोपरा! अरे, त्या कोपऱ्यात तिची खाट आहे. आईची खोली पाडायचा निरोप पगारी माणसाच्या तोंडून? थू तुझ्या शेठपणावर!

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, हात तर लावून दाखव.

बाकी ठीक. पाण्याचा पंप दुरुस्त झाला. मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. तू विचारणार नाहीसच, म्हणून आपणहून कळवते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. भिंत पाडायला आईनेच सांगितलं. मला बाजूला सारून तिने त्या मॅनेजरला खुर्ची दिली आणि विचारलं, "मोठी गाडी आत यायला लागली की तोही येईल ना?" तो मेला म्हणाला, "येतील की, आजी." त्याचं काय जातंय, उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हटलं, "आई, त्याच्या मोटारीला इथे कधी जागा कमी पडली होती का गं?" तर माझ्यावरच उखडली. "तुला पहिल्यापासून त्याचं बरं बघवत नाही," म्हणाली.

भिंत परवा पडली. आई आता स्वयंपाकघरात झोपते. तुझा डबा झकास वळतो, अभिनंदन. आज तो आत आला तेव्हा ती केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून काठी टेकत बाहेर आली. ड्रायव्हर उतरला. त्याने दार लावायला हात घातला तर म्हणाली, "थांब." आणि वाकून आत बघत राहिली, आणखी कोण उतरतंय ते.

पुढची गाडी सोमवारी आहे. कितीला येणार, हे तिने मला आत्ताच विचारलं. तू येणार नसशील तर तिला तूच सांग. माझ्याच्याने होणार नाही.

आईजवळ राहिलेली,
ताई