संडासातलं शेड कार्ड

३ जून, सकाळी ७
डायबेटिसची नवी गोळी सुरू होऊन आठ दिवस झाले. पोटाचा रोज नवा तमाशा. कधी तीन दिवस संप, कधी एका सकाळी चार फेऱ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पोटाच्या नसा मंदावतात, शिवाय गोळीनेही सुरुवातीला पोट ढिलं होतं. शौचाचा रंग रोज लिहा. काळा किंवा मातीसारखा फिका दिसला तर लगेच या.

रंग म्हणजे काय, हे मला सांगतात. अठ्ठावीस वर्षं पेंटच्या दुकानात शेड जुळवतोय. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा आणतं, मी नुसत्या नजरेने तसाच डबा बनवून देतो. बाईंचं वय माझ्या नोकरीएवढं नसेल.

संकल्प: शास्त्रशुद्ध नोंद. संडासात खिळ्याला दुकानातलं रंगछटांचं शेड कार्ड टांगलं.
रंग: अक्रोडी. उत्तम.

५ जून
रंग: अक्रोडी, किंचित गेरू.
बायकोने कार्ड काढून ठेवलं. म्हणते, घरात चार माणसं येतात-जातात. पुन्हा टांगलं. अडाण्यांच्या घरात शास्त्राचे हालच.
उद्यापासून चहात साखर बंद.

६ जून
चहात साखर घातली. अर्धाच चमचा. म्हणजे अर्धी बंद आहेच.

११ जून
शेठने रंग ओळखणारं मशीन आणलं. नमुन्यावर टेकवायचं, पडद्यावर शेड येते. म्हणाले, तुमच्या मदतीला. मला मदत, आणि ती त्या डबड्याची.

एका शाळेच्या मुख्याध्यापिका ऑफव्हाइटचा डबा परत घेऊन आल्या. या महिन्यात परत आलेला हा चौथा डबा. म्हणे भिंतीला जुळत नाही. तुमच्या ट्यूबलाइटचा दोष, म्हटलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

१८ जून
जेवण संध्याकाळपर्यंत छातीशी बसून राहतं. अंगाला खाज. साबण बदलला.
बायको म्हणते, तुमचे डोळे पिवळे दिसतात. आरशात बघितलं. होते तसेच आहेत. तिला म्हटलं, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं. ती भांडी घासायला गेली.
रंग: बदामी. ठीक.

२१ जून
टाकीत पाणी नव्हतं. बादली आणायला गेलो तेवढ्यात बायको आत डोकावली. बाहेर येऊन म्हणाली, अहो, हे पांढऱ्या मातीसारखं आहे, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. मला भीती वाटते म्हणाली. डोळ्यांत पाणी.

जिला पडद्यांना उशा जुळवता येत नाहीत, ती मला रंग शिकवणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला.
संकल्प: हिचं तोंड पुराव्यानिशी बंद करणे.

२२ जून
शेठचं मशीन पिशवीतून घरी आणलं. नमुना पारदर्शक डबीत घेतला, झाकण लावलं, मशीन टेकवलं. पडद्यावर आलं: खडू, राखी छटा.
म्हणजे मशीन बाद. आणि बायको मशीनसारखंच बोलते, म्हणजे तीही बाद. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. त्या आनंदात चहात पूर्ण चमचा साखर.

२४ जून
शेठना सांगितलं, मशीन सदोष आहे. त्यांनी विचारलं, कशावर तपासलं. सांगितलं.
शेठ उठले, आधी हात धुतले. मग स्पिरिटने मशीन पुसलं, दोनदा. मग दोन कार्डं समोर धरून म्हणाले, यातलं पांढरं कुठलं. म्हटलं, दोन्ही एकच आहेत. ते म्हणाले, एक पिवळं आहे. दुकानात तेव्हा सहा गिऱ्हाइकं होती. सगळी मान खाली घालून कॅटलॉग चाळायला लागली.

शेठने बायकोला फोन केला. दोघांनी मला गाडीत घातलं. आधीच ठरलेला कट, दुसरं काय.

२ जुलै, हॉस्पिटल
पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. पित्त आतड्यात उतरत नव्हतं, म्हणून शौचाचा रंग गेला आणि अंग पिवळं पडलं. दुर्बिणीने खडा काढला. आणखी आठवडाभर थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डोळेवाल्यांनी तपासलं. साखरेमुळे दोन्ही डोळ्यांत लवकर मोतीबिंदू आलाय. निदान दोन वर्षं पिवळट काचेतून बघत असणार, म्हणाले. दोन वर्षांत किती घरं रंगली असतील. फार थोड्यांनी डबे परत आणले. बाकीचे त्याच भिंतींत राहतायत, आणि मला अजून नमस्कार करतात. लाज वाटली.

नर्स तक्ता देऊन गेली. म्हणाली, सकाळचा रंग लिहा.
संडासात तक्ता हातात धरून उभा राहिलो. मग दार उघडून बायकोला हाक मारली. ती आली, वाकून नीट बघितलं. तपकिरी, म्हणाली.
विचारलं, कुठला तपकिरी.
म्हणाली, तपकिरी हो, नुसता तपकिरी. आणि तिथेच पदराने डोळे पुसले.
तिने सांगितला तसा लिहिला.